चार इंच वर

आमच्या लेकीने गाडी जमिनीपासून चार इंच उचलून घ्यायचं ठरवलं आणि माझी झोप उडाली. कुणाला काही बोललो नाही. बोलणार तरी काय? अडुसष्ट वर्षांचा माणूस, अख्खा जन्म पंप दुरुस्त करण्यात गेलेला. तो काय सांगणार, की पोरी, मला चढता येणार नाही, म्हणून गाडी उचलू नकोस? त्यापेक्षा मी तिने दाखवलेल्या, गाडी उंच करायच्या प्रत्येक किटमध्ये खुसपटं काढत बसलो. ते मला चांगलं जमतं.

धंदा आमचा पंपांचा. विहिरींवरचे, टाक्यांवरचे, इमारतींच्या तळघरातले, सगळे. पूर्वी मी एकटा होतो. आता कामं लेक घेते, आमचा पिकअप लेक चालवते, पानेही तीच फिरवते. मी शेजारच्या सीटवर बसून जातो आणि पंपाचा आवाज ऐकून दुखणं काय ते सांगतो. कुणाला वाटेल, हे काय काम झालं. वाटू दे. मला त्या सीटवर बसल्याशिवाय दिवस उगवल्यासारखा वाटत नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ज्या पायाने गाडीत चढायचं, नेमका तोच गुडघा. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय. झकास म्हणजे काय, तर तो ठरावीक जागेपर्यंत वाकतो आणि पुढे ऐकत नाही. ऑपरेशननंतर दोन महिने मी घरी होतो. सकाळी लेक गाडी काढायची, मी खिडकीत उभा राहायचो, गाडी कोपऱ्यावरून वळली की खुर्चीत येऊन बसायचो आणि संध्याकाळपर्यंत घरातल्या नळांचे वॉशर तपासायचो. एकही गळत नव्हता.

आणि आता हे चार इंच. त्यात लेकीची चूक काहीच नव्हती, हेही सांगून टाकतो. टेकडीवरच्या वस्तीचा पाण्याचा पंप आमच्याकडे आहे. चाळीस घरं त्या पाण्यावर. महिन्यातून दोन-तीनदा जावंच लागतं, आणि त्या रस्त्याची वर्षभरात पार वाट लागलीय. एवढाले दगड वर आलेत. गाडीचा मागचा भाग घासतो, सायलेन्सर दोनदा फाटला, खाली टांगलेली स्टेपनी तर एकदा सुटून उतारावरून आमच्या आधी खाली पोहोचली.

"रिकाम्या गाडीची मापं घेतलीत आपण," लेक जेवणाच्या टेबलावर फोन पुढे सरकवत म्हणाली. "सायलेन्सर जमिनीपासून पाच इंचांवर आहे. नऊ तरी पाहिजे. म्हणजे चार इंचांचं किट. तीन आहेत, त्यातलं एक ठरवा."

मापं घेताना टेप मीच धरला होता, त्यामुळे मापांत खोट काढता येईना. मग किटकडे वळलो.

पहिल्या किटमध्ये स्प्रिंगांखाली घालायच्या नुसत्या जाड चकत्या होत्या. मी म्हणालो, चकत्यांवर उभी केलेली गाडी वळणावर डुलते. ते तिला पटलं, कारण ते खरं होतं. दुसऱ्यात नवे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि नवे शॉकअप. मी म्हणालो, पाटे फार ताठ आहेत, मणके खिळखिळे होतील. तिसऱ्यात सगळंच होतं आणि सगळंच चांगलं होतं. मी ते चित्र इकडून तिकडून पाहिलं.

"शॉकअप पिवळे आहेत," मी म्हणालो.

"मग?"

"पिवळे टिकत नाहीत."

लेकीने माझ्याकडे असं काही पाहिलं की मला माझीच लाज वाटली. तिने फोन उचलला आणि आत निघून गेली. असं तीन आठवडे चाललं. ती किट दाखवायची, मी फाटे फोडायचो, शेवटी ती चिडायची आणि मी तिच्यावर चिडायचो. चिडलो की बरं वाटायचं, कारण तेवढा वेळ भीती वाटायची नाही.

दुपारी ती कामावर गेली आणि माझी गरज नसलेलं काम असलं की मी मागच्या सामानाच्या खोलीत जायचो. गाडीत जिथे पाय ठेवतो तिथली उंची मी मोजून ठेवली होती. तेवढी खोकी एकावर एक रचली. कपाटाच्या कडेला धरून, जरा झोका घेऊन, पाय वर जायचा. मग वर एक चार इंचांची फळी टाकली. पाय फळीच्या कडेला लागायचा आणि तिथेच थांबायचा. किती जोर लावा, गुडघा म्हणायचा, नाही. रोज वाटायचं, आज जमेल. असा बारा दिवस तो तमाशा चालला.

तेराव्या दिवशी आमच्या हिने दार उघडलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"बल्ब बघतोय," मी म्हणालो. एक पाय फळीवर, दोन्ही हात कपाटाला.

"दुपारी दोन वाजता?"

"मग बल्ब काय सकाळीच बघायचे असतात?"

तिने खोकी बघितली, फळी बघितली, माझा पाय बघितला. एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, तिला काही समजावून सांगावं लागत नाही. ती खाली वाकली आणि तिने माझा पाय धरून हळूच जमिनीवर ठेवला.

"तिला सांगून टाका ना," ती म्हणाली.

"काय सांगू? सांगितलं की ती म्हणेल, बाबा, आता तुम्ही आराम करा. तिचंही बरोबर आहे. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यापायी चाळीस घरांचं पाणी अडवून कसं चालेल? मग मी खिडकीत उभं राहायचं. मला नाही ते परत जमणार." बोलता बोलता माझा आवाज चढला आणि मग एकदम बसला.

"मी तिला काही सांगणार नाही," ही म्हणाली. "पण या खोक्यांवरून पडलात ना, तर सगळ्या गल्लीला सांगेन."

त्या शनिवारी लेकीने माझं मत विचारणं बंद केलं. "बाबा, चला," म्हणाली. "आज इंचीकडे जायचं. तो म्हणेल ते किट. बस झालं आता."

इंची म्हणजे गाड्यांच्या पाट्यांचं आणि शॉकअपचं काम करणारा. खरं नाव कुणाला माहीत नाही. गळ्यात कायम मोजायचा टेप आणि तोंडात कायम इंच, म्हणून इंची. लांबलचक पत्र्याची शेड, मध्ये काम करायचा खड्डा, भिंतीवर पाटे लहानापासून मोठ्यापर्यंत टांगलेले, आणि जमीन इतकी स्वच्छ की मला आत जाताना चपला पुसाव्याशा वाटल्या. माणूस कामाचा होता. एरवी मला तो पहिल्या भेटीत आवडला असता.

दारातच एक पिकअप उभा होता, आमच्यासारखाच, पण चार इंच उचललेला. मी नजरेनेच त्याच्या दाराखालची उंची मोजली.

"माझी एक पद्धत आहे," इंची म्हणाला. "गाडीत जे जे रोज बसतात, त्यांनी आधी या गाडीत चढून-उतरून दाखवायचं. त्याशिवाय मी पाना हातात घेत नाही. एकाने हौसेने सहा इंच उचलून घेतली. आठ दिवसांत परत आला, म्हणे बायको बसायला तयार नाही, खाली करून द्या. तेव्हापासून कानाला खडा."

लेक गेली, चढली, उतरली. तिला काय, ती शिडीवरून धावते.

"आता काका."

"मला नाही गरज," मी म्हणालो. "मी कशातही चढतो."

"मग चढा की."

आता मागे सरकायला जागा नव्हती. मी दाराच्या चौकटीला धरलं, झोका घेतला आणि पाय वर टाकला. पाय कडेला लागला. तिथेच थांबला. मी आणखी जोर केला तसा खालचा पाय उचलला गेला आणि मी नुसता हातांवर लोंबकळलो. मागून लेकीने मला कमरेला धरलं.

"सोड," मी ओरडलो. "सोड मला, लहान आहे का मी?"

तिने सोडलं नाही. सावकाश खाली उतरवलं, मी नीट उभा राहिलो हे पाहिलं, मगच हात काढले. माझे कान तापले होते. इंची दुसरीकडे बघत होता, त्याचंही मला वाईट वाटलं.

"नाही येत मला चढता," मी म्हणालो. "चार इंच वर मला नाही चढता येत. घरी खोक्यांवर चढून चढून बघितलं. पाटे चांगले आहेत, शॉकअप चांगले आहेत, पिवळ्या रंगाला काही होत नाही. मीच निकामी झालोय. झालं समाधान?"

लेक तशीच वळली आणि आमच्या गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, पाठ करून. मला वाटलं, संपलं. आता ती विचार करतेय, याला कसं सांगू.

मग इंचीने घसा खाकरला आणि गळ्यातला टेप काढला.

"चारच इंच पाहिजेत हे कुणी ठरवलं?"

"मापं घेतलीत," मी कसाबसा म्हणालो. "सायलेन्सर पाच इंचांवर आहे."

"रिकाम्या गाडीचं माप?"

"रिकाम्या."

तो आमच्या गाडीच्या मागे गेला. ताडपत्रीची दोरी सोडली आणि ताडपत्री वर केली. बराच वेळ आत बघत राहिला.

"काका, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"हे."

"ते असतंच," मी म्हणालो, आणि त्याच क्षणी गाडीच्या पलीकडून लेकही म्हणाली, "ते असतंच."

इंचीने आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं. "याला तुमच्या घरी रिकामी गाडी म्हणतात?"

आता सांगायलाच पाहिजे. गाडीच्या हौद्यात ताडपत्रीखाली मी थोडं सामान ठेवतो. कधी काय लागेल सांगता येत नाही. जळालेल्या पाच मोटारी, कारण त्यांतली तांब्याची तार चांगली. ओतीव लोखंडाचे व्हॉल्व्ह. पाइपांचे तुकडे, वाकडे आणि सरळ. नटबोल्टांची तीन पोती. एक साखळीची कप्पी. गटाराचं अर्धं झाकण, ते कुठून आलं मलाही आठवत नाही. अकरा वर्षांत ते सगळं एकदाही खाली उतरलं नव्हतं. गाडी धुतली ती त्याच्यासकट, मापं घेतली तीही त्याच्यासकट. आमच्या डोळ्यांना ते दिसायचंच बंद झालं होतं. लेक तर ते सामान पाठीशी घेऊनच गाडी चालवायला शिकलेली.

"उतरवा," इंची म्हणाला.

उतरवायला पाऊण तास लागला. लेक आणि इंची उचलत होते, मी खाली रांग लावत होतो. लेक माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. पण चौथी मोटार खाली आली तेव्हा गाडीच्या मागच्या भागातून एक लांब कुरकुर ऐकू आली, आणि शेवटचं पोतं उतरलं तेव्हा मला नुसत्या डोळ्यांना दिसलं, की गाडी मागून वर आली आहे. अकरा वर्षांत तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

इंची टेप घेऊन खाली झोपला.

"साडेसात," खालून आवाज आला. "अडीच इंच तर तुम्हीच दाबून ठेवली होती."

मी एका मोटारीवर बसलो. म्हणजे मी बारा दिवस खोक्यांशी झोंबत होतो, आणि मला गाडीबाहेर काढायला निघालं होतं ते माझंच भंगार. कुणाला शिव्या घालाव्यात तेही कळेना. आधी हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, मग परत हसू आलं.

इंची उठला, कपडे झटकले आणि भिंतीवरच्या पाट्यांपाशी गेला. आता तो रंगात आला होता. मागे जास्त वजन पेलणारे पाटे घालू, त्याने दोन इंच मिळतील. पुढे दीड इंच पुरे, पुढचं काही घासतच नाही तुमचं. चारही शॉकअप नवे. आणि दाराखाली पायरी लावू, चांगली रुंद, हाताला धरायला कडी.

"सायलेन्सर साडेनऊवर जाईल," तो म्हणाला. "टेकडीवरचे दगड नुसते बघत राहतील. आता काका, चढून दाखवा."

"कशात? किट अजून लागलंय कुठे?"

त्याने जॅक लावून आमची गाडी पुढून दीड इंच वर घेतली, खाली लाकडाचे ठोकळे सारले आणि दाराखाली मोजून एक जाड फळी ठेवली, पायरी येईल त्या उंचीवर. मी उभा राहिलो. लेक अजून दूरच होती, पण आता तिचं तोंड माझ्याकडे होतं. मी चौकटीला धरलं आणि पाय टाकला.

गेला. झोका न घेता गेला. दुसरा पाय आपोआप मागून आला आणि मी माझ्या सीटवर होतो. जीव भांड्यात पडला. मी उतरलो आणि परत चढलो. मग तिसऱ्यांदा चढलो, तेव्हा इंची म्हणाला, "काका, पुरे, खात्री झाली," तरी मी चौथ्यांदा उतरून चढलो.

किट त्याच्याकडे तयार होतं. दुपारी चारपर्यंत काम चाललं. लेक खड्ड्याच्या कडेला बसून बघत होती, इंचीला प्रश्न विचारत होती, चहा आला तेव्हा माझा कप तिने मला आणून दिला, पण बोलणं नाही. मी भंगार निवडत बसलो. खरं सांगायचं तर निवडलंच नाही. सगळं इंचीला देऊन टाकलं, ओळखीचा भंगारवाला घेऊन जाईल म्हणाला. मन कचरलं, पण क्षणभरच. फक्त निघताना पाहतो तर लेकीने एक व्हॉल्व्ह गुपचूप हौद्यात ठेवलेला.

"हा लागतो," ती म्हणाली. मी गाडीला लोंबकळल्यापासून माझ्याशी बोललेले तिचे ते पहिले दोन शब्द.

गाडी निघाली. नवे पाटे जरा ताठ होते, पण मणक्यांना काही होत नव्हतं. रस्ता वरून जरा वेगळा दिसत होता. माझी गाडीची काळजी मिटली होती, आता दुसरी सुरू झाली. लेक रागावलीय का? की कीव आलीय? रागावली असेल तर चालेल, पण कीव नको, असं मी मनात घोकत होतो.

सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती समोर बघत म्हणाली, "तीन आठवडे मला वाटत होतं, तुम्हाला काम सोडायचंय."

"मला?"

"किट म्हटलं की चिडायचात. टेकडी म्हटलं की चिडायचात. मला वाटलं, तुम्हाला आता यायचं नाहीये आणि माझ्या तोंडावर सांगता येत नाहीये." तिने आरसा उगाच सारखा केला. "ऑपरेशनच्या वेळी तुम्ही घरी होतात ना, तेव्हा मी एका पंपाचं बेअरिंग तीनदा बदललं. बिघाड पाइपात होता. तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला नाही जमत एकटीला, बाबा. जमेल, पण मला एकटीला जायचं नाहीये. मी आईला विचारलंसुद्धा, बाबांना सोडायचंय का म्हणून."

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुमचं तुम्ही बघा."

म्हणजे दोघांच्या मनातलं आमच्या हिला माहीत होतं आणि ही निवांत घरात बसून होती. घरी गेल्यावर तिची चांगली हजेरी घ्यायचं मी ठरवलं.

"मग मलाच का नाही विचारलंस?" मी म्हणालो.

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. लेकीने गाडी पुढे घेतली, गिअर बदलला, आणि म्हणाली,

"तुम्ही हो म्हणाला असतात तर?"

मी खिडकीबाहेर पाहिलं, नंतर तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांची ही बाई, हातांना ग्रीस, डोळे रस्त्यावर, आणि तिला माझ्याइतकीच भीती वाटत होती.

"नसतो म्हणालो," मी म्हणालो. "मेलो तरी नसतो म्हणालो."

"तेवढं नको," ती म्हणाली. "सोमवारी सात वाजता टेकडीवर जायचंय."